अडकलेला सूर, मुका सूर

एका वाचकाचं पत्र आहे. आत्या गेल्यावर तिचा प्लेअर पियानो त्यांच्याकडे आला. उभा, पेडल मारून हवेवर चालणारा, भोकं पाडलेल्या कागदी रोलवरून आपोआप वाजणारा, 1920च्या दशकातला, सोबत साठेक रोल. आला तेव्हा तीन सूर अजिबात वाजत नव्हते. आणखी दोन सुरांच्या पट्ट्या पेडल मारायला लागलं की आपोआप खाली जाऊन तशाच बसत. ‘व्हॉल्व्ह खराब झालेत’ असं ठरवून त्यांनी कॉम्प्रेसरच्या हवेने ट्रॅकर बारची, म्हणजे रोल जिच्यावरून सरकतो त्या पितळी दांडीची, भोकं फुंकून काढली. आता मुके सूर तेच तीन आहेत, पण अडकणारे दोनाचे नऊ झालेत. थोरले बंधू म्हणतात, आतलं सगळं काढून टाक आणि साधा पियानो म्हणून ठेव. एक तंत्रज्ञ म्हणाला, हवेचं यंत्र काढून फोनवरून चालणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवू. पत्रलेखकाला दोन्ही नकोय, पण ‘मीच वाट लावली’ ही टोचणी आहे. तीन महिन्यांनी आत्याची सगळी भाचरं एकत्र जमणार आहेत. व्हॉल्व्हची चामडी स्वतः बदलायला घेऊ का, की हात जोडून बाजूला होऊ, असं त्यांनी विचारलंय.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मुके सूर तीन होते, ते तीनच राहिले. वाढले ते अडकणारे. तुम्हाला त्यात स्वतःचा अपराध दिसतोय. मला निदान दिसतंय, आणि ते तुम्हाला वाटतं तेवढं वाईट नाही.

का, ते कळायला यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. भाता म्हटलं की पेटी आठवते, आणि पेटीचा भाता हवा ढकलतो. प्लेअर पियानोचं उलट आहे. पेडल मारली की खालचे मोठे भाते आतली हवा उपसून काढतात, म्हणजे सगळा खेळ ओढीवर चालतो. रोलचा कागद पितळी ट्रॅकर बारवरून सरकत जातो. बारला प्रत्येक सुराचं एक भोक, एका इंचात नऊ. हे 88 सुरांचं माप अमेरिकन कारखानदारांनी 1908 साली बफेलो शहरात एकत्र बसून ठरवलं, म्हणून एका कंपनीचा रोल दुसरीच्या पियानोवर चालतो. कागदातलं भोक बारच्या भोकावर आलं की बाहेरची हवा नळीतून आत धावते आणि त्या सुराच्या पाउचखाली शिरते. पाउच म्हणजे पातळ, मऊ कातड्याची गोल चकती, कडेने चिकटवलेली, मध्ये जराशी सैल. वरून ओढ आणि खालून हवा, त्यामुळे चकती टुम्म फुगते आणि डोक्यावरचा व्हॉल्व्ह उचलते. किती उचलते? जेमतेम एक मिलिमीटर, कित्येक यंत्रांत त्याहूनही कमी. तेवढ्यात बाहेरच्या हवेचं दार बंद होतं, ओढीचं दार उघडतं, आणि त्या सुराचा स्वतःचा छोटा भाता फटकन मिटून हातोडीला तारेवर धाडतो.

आता परतीची वाट. कागदाने भोक झाकलं, पण आत आलेली हवा अजून पाउचखालीच आहे. ती काढून घ्यायला प्रत्येक सुराला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्याला ब्लीड म्हणतात. एक मिलिमीटरच्या आसपास, टाचणी कशीबशी जाईल एवढं. त्यातून पाउचखालची हवा निघून जाते, चकती खाली बसते, व्हॉल्व्ह पडतो, छोटा भाता उघडतो आणि पट्टी वर येते. हे ब्लीडच बुजलं तर हवा कोंडते. पाउच फुगलेली राहते, व्हॉल्व्ह वरच राहतो. पेडल मारल्याबरोबर सूर एकदा वाजतो आणि मग अख्खं गाणं होईपर्यंत ती पट्टी कुणीतरी बोटाने दाबून धरल्यासारखी खालीच.

तेव्हा कॉम्प्रेसरने काय झालं, ते उघड आहे. शंभर वर्षं कागद घासून बारच्या तोंडाशी जो भुसा साठला होता, तो तुम्ही नळ्यांतून आत ढकललात आणि तो सात ब्लीडांच्या तोंडाशी जाऊन बसला. पाउच फाटल्या असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं. फाटकी पाउच फुगतच नाही, म्हणजे मुके सूर वाढले असते. ते वाढले नाहीत. पैज लावायची तर मी धुळीवर लावीन, आणि धूळ काढता येते.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट, कारण अशी पत्रं मला आणखीही येतात. नुसतं ऐकून अडकलेला आणि मुका सूर वेगळा ओळखता येत नाही. पियानोची तार एकदा वाजून विझते. पट्टी खालीच राहिली तर हातोडी पुन्हा मारू शकत नाही, म्हणजे गाण्यात तो सूर मुकाच वाटतो. लोक ‘दहा सूर मेलेत’ असं लिहितात आणि त्यातले सात मेलेले नसून अडकलेले असतात. इलाज अगदी उलटे आहेत. म्हणून कान बाजूला ठेवा आणि पट्ट्यांकडे बघा. तुम्ही ते बघितलंत, म्हणूनच मला एवढं सांगता आलं.

आता ‘व्हॉल्व्ह खराब झालेत’ या वाक्याकडे येऊ. हे तुम्ही यंत्र उघडण्याआधीच ठरवलं होतंत. बिचारा व्हॉल्व्ह म्हणजे खिडकीवर बसलेला कारकून. फाइल कुठेही अडो, शिव्या त्यालाच. त्याच्या अलीकडे रोल, बार, नळी, पाउच आणि ब्लीड आहेत. पलीकडे छोटा भाता, त्याला जोडलेली काडी आणि पियानोची स्वतःची यंत्रणा आहे. यातलं काहीही बिघडलं तरी बाहेरून तक्रार एकच: सूर नीट वाजत नाही.

मी स्वतः यात फसलोय. एक सूर सारखा मध्येच वाजायचा. दोन दिवस मी त्याच्या मागे होतो. व्हॉल्व्ह दोनदा उघडला, चामडं बदललं, व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती बैठक घासली. तिसऱ्या दिवशी कंटाळून रोल बदलला तर सूर शहाण्यासारखा वागायला लागला. आधीच्या रोलची कड कुरतडलेली होती, कागद किंचित सरकून चालत होता आणि शेजारच्या सुराचं भोक अर्धवट याच्यावर येत होतं. इंचाला नऊ भोकं म्हणजे दोन भोकांच्या मध्यांत तीन मिलिमीटरही अंतर नाही. एवढ्याशा जागेत कागद एक मिलिमीटर सरकला तरी शेजारी बोलू लागतो. त्यात कागद दमट हवेत रुंदावतो आणि कोरड्या हवेत आकसतो. त्या दिवसापासून बारची भोकं टेपने झाकून बघितल्याशिवाय मी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही.

तुम्हीही तिथूनच सुरू करा. एक संध्याकाळ मोकळी ठेवा, कागदावर 1 ते 88 आकडे लिहा, खर्जाकडून. आधी रोल काढून ठेवा आणि ते तीन मुके सूर हाताने वाजवून बघा. हातानेही वाजत नसतील तर दोष पियानोचा आहे. दमट हवेने फुगून घट्ट बसलेला सांधा, तुटलेली हातोडी, असं काहीतरी. त्यावर जगातलं कुठलंही चामडं चालणार नाही. पियानो ट्यून करणारा माणूस ते अर्ध्या तासात सोडवतो. निदान कशावर बोट ठेवायचं ते तरी सांगतो.

मग कागदी मास्किंग टेपने ट्रॅकर बारची सगळी भोकं झाका. साधी चिकटपट्टी नको, तिचा गोंद भोकांत राहतो. आता हलकेच पेडल मारा. एकही भोक उघडं नाही, म्हणजे एकही पट्टी हलायला नको. ज्या हलतील त्यांच्या आकड्यापुढे खूण करा. रोल लावल्यावर अडकत होती पण टेप लावल्यावर शांत बसली, अशी पट्टी सापडली तर तिचा दोष रोलचा किंवा कागद सरकण्याचा आहे. ती यादीतून काढून टाका.

टेप असूनही ज्या खाली जातात, त्यांच्या नळ्या शोधा. पेडल चालू असताना नळी व्हॉल्व्हच्या पेटीजवळ (तिला स्टॅक म्हणतात) चिमटीत घट्ट दाबा. याला दोन माणसं लागतात. पट्टी वर आली तर हवा त्या चिमटीच्या अलीकडून, नळीच्या भेगेतून शिरत होती. पट्टी खालीच राहिली तर ब्लीड बुजलंय. माझा अंदाज सांगू? तुमचे मूळचे दोन नळीचे निघतील आणि नंतरचे सात ब्लीडचे. रबराच्या जुन्या नळ्या ओढता ओढता तुटतात. कधी बाहेरून धडधाकट दिसतात आणि वाकवल्यावर आत बारीक भेगांचं जाळं उघडं पडतं.

मुक्या सुरांसाठी उलटी परीक्षा. त्या सुराची नळी स्टॅककडच्या टोकाला उपसून काढा, म्हणजे तिथलं तोंड हवेला सताड उघडं झालं. पेडल मारल्यावर पट्टी खाली गेली तर स्टॅक ठणठणीत आहे आणि नळी किंवा बार तुंबलाय. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडला असता तर एका निरोगी अवयवाचं ऑपरेशन झालं असतं. पट्टी गेली नाही, तर मात्र पाउच, व्हॉल्व्ह किंवा छोटा भाता यांपैकी कुणीतरी गळतंय. एक खूण लक्षात ठेवा. हळू पेडलवर मुका आणि जोरात मारल्यावर वाजणारा सूर बहुतेक वेळा पाउचचा रोगी असतो. कातडं वयाने सच्छिद्र होतं, आलेली हवा त्यातूनच निसटते आणि चकतीला फुगायला जोर पुरत नाही.

आता सफाई. फुंकायचं नाही, ओढायचं. यासाठी ट्रॅकर बारचा हातपंप म्हणून खास वस्तू मिळते. बारच्या भोकावर टेकवून दांडा ओढला की भुसा आला त्या वाटेने बाहेर येतो. प्रत्येक भोकाला तीन-चार छोटे हात पुरतात. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावण्याचा मोह होईल, लावू नका. त्याची ओढ इतकी असते की पाउच कडेने उखडतात, आणि मग तुमचे मुके सूर खरोखर वाढतील. पंपाने भागलं नाही तर ब्लीडपर्यंत जावं लागेल. काही बनावटींत ती सगळी एका लांब पट्टीखाली ओळीने असतात, स्क्रू काढले की समोर. काहींत प्रत्येक व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातच दडलेली असतात. भोकापेक्षा बारीक अशी तार हलक्या हाताने फिरवा आणि मळ बाहेरच्या बाजूला काढा. ड्रिल नको, दाभण तर मुळीच नको. ब्लीड मोठं झालं तर नळीतून आलेली हवा पाउच फुगायच्या आतच निघून जाते. आज अडकलेला सूर उद्या कायमचा मुका होतो, आणि हा मुकेपणा तुम्ही हाताने कोरलेला असतो.

नळ्यांच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. दोन तडकल्या असतील तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत. सगळ्या बदला. हे काम किचकट आहे, पण अवघड नाही. एक जुनी काढायची, एक नवी घालायची, मग पुढची. जुनी नळी तोटीवर चिकटून बसली असेल तर ओढायची नाही, पातीने उभी चिरून सोलून काढायची, नाहीतर तोटीच वाकते. पुष्कळ यंत्रांत 5/32 इंच, म्हणजे साधारण 4 मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी असते, पण तुमची तोटी मोजल्याशिवाय आणू नका. माशांच्या टाकीची पारदर्शक नळी दिसायला तशीच असते, पुढे कडक होते आणि निसटते. आणि एक सावधगिरीची गोष्ट: काही पियानोंत नळ्या रबराच्या नसून शिशाच्या असतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसली तर ती विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घाला, ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका, मुलांना लांब ठेवा, आणि असं काम स्वतः न केलेलंच बरं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, चामडी बदलण्याचा. तुम्ही ‘तीन व्हॉल्व्हची चामडी’ म्हणताय. माझ्या लेखी असं काही नसतंच. 88 चामडी एकाच सुमाराला कापलेली, एकाच धुळीत म्हातारी झालेली आहेत. त्यातली तीन गेली म्हणजे पंच्याऐंशी रांगेत उभी आहेत. दरवर्षी स्टॅक उघडून चार-चार सूर दुरुस्त करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. प्रत्येक वेळी सांधे उसकटतात, जुनी गॅस्केटं फाटतात, लाकडातल्या स्क्रूंची पकड ढिली होते, आणि चार सूर सुधारताना स्टॅकच्या फटी वाढत जातात. एकतर उघडायचा नाही, नाहीतर सगळा करायचा.

उघडायचा की नाही, हे स्टॅक स्वतः सांगतो. रोल उलट गुंडाळायचा खटका दाबला की स्टॅकची वाट बंद होते. तसं करून पेडल मारा. ती जड लागली पाहिजेत. मग खटका वाजवण्याच्या बाजूला आणा, टेप तशीच, आणि पुन्हा मारा. आता एकदम हलकी पडली तर स्टॅकच चाळण झालाय. पहिल्यापासूनच हलकी असतील तर स्टॅकला कशाला दोष देताय, खालचे मोठे भातेच गळतायत. आकडा हवा असेल तर पारदर्शक नळीचा यू आकार फळीवर ठोका, शेजारी मोजपट्टी लावा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि एक टोक एखाद्या मोकळ्या तोटीला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे तुमची ओढ. मंद वाजायला 5-6 इंच पुरतात, जोरात मारल्यावर ती 30 इंचांच्या वर जाते. यू चांगला उंच घ्या. माझा पहिला यू बुटका होता, आणि एका जोरकस पेडलसरशी निळं पाणी थेट यंत्राच्या पोटात गेलं. पुढचे तीन दिवस मी ते वाळवत होतो.

टेपची परीक्षा बरी निघाली तर व्हॉल्व्हना हात लावू नका. वाईट निघाली तर नमुन्यादाखल एकच व्हॉल्व्ह काढून बघा, तोही अगदी वरच्या टोकाचा, क्वचित वाजणारा. चामड्यावर बैठकीचं चकचकीत, कडक वर्तुळ उमटलंय का? नखाने दाबल्यावर ते पुन्हा वर येतं की खळगा राहतो? पितळी बैठक हिरवी पडलीय का? पाउच दिव्यासमोर धरली तर आरपार बारीक ठिपके दिसतात का? जुने कारागीर पाउच तोंडाने ओढून बघायचे. शंभर वर्षांच्या धुळीला तोंड लावण्याचा सल्ला मी देणार नाही.

आणि पुरा स्टॅक करायचाच ठरला, तर खरं सांगतो, पहिल्याच यंत्रावर शिकू नका. ते आत्याचं आहे. हे काम बुद्धीचं कमी आणि सवयीचं जास्त. पाउचचं कातडं किती सैल सोडायचं, ते हाताला कळायला वेळ लागतो. ते हवाबंद करायला वरून रबराच्या पातळ द्रावणाचा हात देतात. सुरुवातीला मी तो इतका जाड दिला की चकत्या पत्र्यासारख्या कडक झाल्या, आणि पियानो फक्त ओरडायचा, कुजबुज विसरला. सगळं पुन्हा सोलावं लागलं. कारागीर शोधा, पण त्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, चिकटवायला काय वापरता? उत्तर सरस असायला हवं, गरम करून लावायचा प्राण्यांच्या कातडीचा सरस. ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणजे पन्नास वर्षांनी पुढच्या माणसाला काम करता येतं. लाकडाचा पांढरा गोंद हे ऐकत नाही. आणि सिलिकोनचं नाव काढलं तर चहा पाजून निरोप द्या. सिलिकोन लागलेल्या लाकडाला नंतर काहीच धड चिकटत नाही. दुसरा प्रश्न, काढण्याआधी व्हॉल्व्हची उचल मोजून लिहून ठेवता का? ‘सगळ्यांना सारखीच असते’ म्हणणारा माणूस घाईत आहे.

‘मूळचं तसंच ठेवायचं’ या तुमच्या आग्रहाबद्दलही थोडं. मला तो आवडला, पण तुम्ही मूळ कशाला म्हणताय? चामडं, रबर आणि कापड झिजणारच होतं. ते बदलणं म्हणजे वाद्याचं मूळपण घालवणं नव्हे. लाकूड, धातू, बैठकी आणि हवेचा मार्ग हे मूळ. काढलेले तुकडे टाकू नका. आकडे घालून डबीत ठेवा, पुढच्या माणसाला तोच नकाशा असतो.

म्हणूनच त्या इलेक्ट्रॉनिक सूचनेला माझा विरोध जुन्याच्या प्रेमापोटी नाही. माझा प्रश्न एवढाच असतो, की उद्या मन बदललं तर परत येता येईल का? असं यंत्र बसवताना बहुधा पट्ट्यांखालच्या फळीला लांब चीर पाडावी लागते. ती बुजत नाही. याउलट थोरल्या बंधूंचं म्हणणं तुम्ही फारच लवकर झटकून टाकलंत. त्यांना साधा पियानो हवाय ना? तो तुमच्याकडे आहेच. 1895 साली एडविन व्होटी या अमेरिकन माणसाने डेट्रॉइटमध्ये ‘पियानोला’ नावाचं पहिलं यंत्र बनवलं, तेव्हा ते वेगळं कपाट होतं, पियानोसमोर आणून ठेवायचं आणि त्याच्या लाकडी बोटांनी पट्ट्या दाबायच्या. पुढे ते सगळं पियानोच्या पोटात गेलं, पण वाजवणारा आणि वाद्य अजून वेगळेच आहेत. स्टॅक काढला तरी पियानो हाताने वाजतो. पुष्कळ उभ्या पियानोंत तो स्क्रू काढून अखंड बाहेर निघतो. तेव्हा दादांना सांगा, काढू, पण फेकायचा नाही. मला वाटतं, तंटा काढण्याचा नसून फेकण्याचा आहे. शिवाय पियानोच धड नसेल, खुंट्या तार धरत नसतील, तर व्हॉल्व्हवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. ती तपासणी सगळ्यात आधी करून घ्या.

तीन महिन्यांत पुरा स्टॅक उलगडून परत बसवायचा बेत मनातून काढा. उलगडायला आठवडा लागतो. बसवायला किती लागेल, ते कुणी छातीठोक सांगत नाही. तीन महिन्यांत बारची सफाई, ब्लीड आणि नळ्या होतील, आणि नऊ अडकलेले सूर तेवढ्यानेच सुटतील असा माझा होरा आहे. उरले मुके तीन. ते नळीचे निघाले तर प्रश्नच मिटला. पाउचचे निघाले आणि तुमच्या यंत्रात प्रत्येक सुराचा व्हॉल्व्ह स्वतंत्र ठोकळ्यात असेल, तर एक जुनी युक्ती आहे. पट्ट्यांच्या अगदी वरच्या टोकाचे तीन धडके ठोकळे काढा आणि मधल्या तीन मुक्यांच्या जागी बसवा. सगळ्यात वरचे तीन सूर रोलमध्ये इतके क्वचित येतात की भाचरांना पत्ताही लागणार नाही. कुठला ठोकळा कुठून आला ते मात्र पेन्सिलने त्याच्या पाठीवर लिहा.

काहींसाठी हे सगळंच लागू नाही. पियानोवर वेल्टे-मिन्योन, अँपिको किंवा ड्युओ-आर्ट असं नाव असेल तर टेपच्या पुढे जाऊ नका. ती यंत्रं सुरांसोबत वाजवणाऱ्याच्या हाताचा जोरही उमटवतात. 1905 साली संगीतकार माहलर स्वतः वेल्टेसाठी बसून वाजवून गेला, ते अशाच रोलवर. त्यात ओढ कमीजास्त करणारी वेगळी यंत्रणा असते आणि ती नवशिक्याला चकवते. आणि ज्यांच्याकडे जत्रेतला पुठ्ठ्याच्या पुस्तकावर चालणारा ऑर्गन आहे, पॅरिसच्या गाव्हिओली कंपनीने 1892 साली पेटंट घेतलेल्या जातीचा, त्यांनी वरची नळीची परीक्षा उलटी वाचावी. ते वाद्य ओढीवर नाही, दाबावर चालतं. प्लेअर पियानोत गळकी नळी सूर अडकवते, तिथे तीच गळकी नळी सूर मारते. ब्लीड बुजल्यावर मात्र दोन्हीकडे सूर अडकतोच.

परीक्षा घेताना आत्याच्या साठांतला आवडता रोल लावू नका. तो कागदही शंभर वर्षांचा आहे. सगळ्यात कंटाळवाणा, कडा धड असलेला एखादा निवडा. पेडल हलकी मारा. जोरात मारलं की गळके सूरही वाजतात आणि तुम्ही फसता. टेप लावल्यावर नवापेक्षा जास्त पट्ट्या खाली गेल्या, तर पंप हातात घेण्याआधी ती 88 आकड्यांची यादी मला पाठवा. नऊ किंवा कमी गेल्या तर परवानगीची वाट बघू नका. आधी त्या सुरांच्या नळ्या चिमटीत धरा.